आवडता लेखक कोण?
मराठी मुसलमान वाचकाच्या न लिहिलेल्या इतिहासाविषयी

आपल्या साहित्याचा इतिहास आजवर लेखकांच्या बाजूने लिहिला गेला. कोणी कोणता ग्रंथ रचला, कोणत्या संमेलनात काय ठराव झाले, कोणाची उपेक्षा झाली, हे आपण आता बऱ्यापैकी तपशिलाने सांगू शकतो. पण मराठी मुसलमान वाचत काय होता? त्याला आवडत कोण होते? रात्री जेवणे आटोपल्यावर घरातल्या बायका एकत्र बसल्या की कोणाचे पुस्तक मोठ्याने वाचले जाई, गिरणीच्या पाळीवरून परतलेला तरुण शेजाऱ्याकडे पुस्तक मागताना कोणाचे नाव घेई, हे प्रश्न आपण इतिहासाचे मानलेच नाहीत. आवड ही खासगी गोष्ट, तिचा कसला इतिहास, असे म्हणून तो विषय बाजूला पडला. माझ्या मते एक मोठा ऐवज इथेच आपल्या हातून निसटला. मराठी मुसलमानाच्या भाषेविषयी आणि अस्मितेविषयी जे वाद आपण अनेक दशके घालतो आहोत, त्यांची पुष्कळशी उत्तरे त्याच्या आवडत्या लेखकांच्या यादीत आहेत. ही यादी कधीच एका लिपीतली नव्हती.

मग अशा इतिहासाला पुरावा कशाचा? एका वाचकाने दुसऱ्याला सांगितलेली आवड हवेत विरून जाते, तिची नोंद कोणी ठेवत नाही. नावडीची, मनाईची नोंद मात्र होते. म्हणून वाचकाच्या आवडीचा शोध घ्यायचा असेल तर अनेकदा निषेधाच्या यादीपासून सुरुवात करावी लागते.

अशी एक यादी आपल्या परिचयाच्या पुस्तकातच आहे. मौलाना अशरफ अली थानवी यांचे ‘बहिश्ती जेवर’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात लिहिले गेले. मुलीला लग्नात हे पुस्तक देण्याची रीत पडली आणि ती पुढे आपल्याकडेही पोहोचली. अनेक घरांत कुरआन शरीफच्या खालोखाल जपलेले पुस्तक हेच असे. मौलानांनी त्यात स्त्रियांनी कोणती पुस्तके वाचावीत हे सांगितले आहे, तसेच कोणती वाचल्याने नुकसान होते तेही नावानिशी दिले आहे. या दुसऱ्या यादीत दास्तान-ए-अमीर हम्जा आहे, गुलबकावली आहे, अलिफ लैला आहे, इंदरसभा आहे, गझलांचे दीवान आहेत. मौलानांचा हेतू इस्लाहचा होता. आजच्या अभ्यासकाला मात्र ती यादी वेगळेच काही सांगते. जे कोणी वाचतच नाही त्याची मनाई कोण कशाला करील? मुसलमान घरांतल्या बायकांना तेव्हा कोणत्या कथा प्रिय होत्या याची इतकी नेमकी नोंद दुसऱ्या कोणी करून ठेवलेली नाही.

त्या यादीतले आणखी एक नाव लक्षात घेण्यासारखे आहे. डेप्युटी नजीर अहमद यांचे ‘मिरात-उल-उरूस’ १८६९ साली आले. स्वतःच्या मुलींना वाचायला काही चांगले मिळावे म्हणून त्यांनी ते लिहिले होते. वायव्य प्रांताच्या सरकारने त्याला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले आणि ते शाळांतून लावले गेले. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ही गोष्ट उर्दू जाणणाऱ्या प्रत्येक घराला माहीत झाली. म्हणजे सरकारला आवडलेले आणि सुधारकांना आवडलेले पुस्तक. तरीही मौलाना थानवींनी त्यात काही गोष्टी शहाणपणाच्या आणि काही दीन कमकुवत करणाऱ्या आहेत असा शेरा देऊन ते सावधगिरीच्या यादीत टाकले. सरकारचे बक्षीस आणि मौलानांचा इशारा या दोहोंच्या मध्ये वाचणारी बाई उभी होती. तिला काय वाटले ते कोणीच विचारले नाही. ती असगरीची गोष्ट वाचत राहिली, आणि मला वाटते, मनातून फुहड अकबरीवरही तिचा थोडा जीव जडला असावा. फुहड पात्रेच लक्षात राहतात!

आता इकडे महाराष्ट्रात काय चालले होते ते पाहा. १८६० च्या दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलिफ लैला इंग्रजीवरून मराठीत आणली. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या नावाने ती घरोघर गेली. हातिमताई आली, गुलबकावली आली. मराठीतल्या सुरुवातीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर या कथांची छाया आहे, हे वाङ्मयाचे इतिहासकारही मान्य करतात. म्हणजे पुण्याच्या वाड्यात ज्या कथा मुले मोडी-बालबोध शिकता शिकता वाचत होती, त्याच कथा मोहल्ल्यातली मुलगी उशीखाली लपवून उर्दूत वाचत होती. बंदी एकीला होती आणि परकेपणाचा शिक्काही एकीलाच. ‘मराठी वाचकाची आवड’ आणि ‘मुसलमान वाचकाची आवड’ अशा दोन पेट्या करून ठेवणाऱ्यांनी ही एकच गोष्ट नीट पाहावी.

त्याच काळात उत्तरेकडे गोरखपुरात धनपतराय नावाचा एक मुलगा तंबाखूविक्रेत्याच्या दुकानात ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ऐकत-वाचत बसे आणि एका पुस्तकविक्रेत्याचे काम करून त्या मोबदल्यात उर्दू कादंबऱ्या वाचायला नेई. पुढे तो प्रेमचंद झाला. शरर, सरशार, रुस्वा ही नावे त्याने स्वतःच आवडीने नोंदवली आहेत. लेखक झाला म्हणून त्याची वाचकवही उरली. त्या दुकानात त्याच्या शेजारी बसलेल्या इतरांची उरली नाही.

स्त्रियांच्या बाबतीत एक अपवाद घडला. १८९८ साली लाहोरात सय्यद मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी ‘तहजीब-ए-निस्वां’ हे साप्ताहिक सुरू केले. मुहम्मदी बेगम संपादक होत्या. सुरुवातीला फुकट पाठवलेले अंकही लोकांनी शिव्या लिहून परत केले. परंतु साप्ताहिक टिकले, आणि १९०८ मध्ये दिल्लीहून राशिदुल खैरींचे ‘इस्मत’ निघाले तेव्हा या वाटेवर गर्दी होऊ लागली होती. या रिसाल्यांचा खरा प्राण म्हणजे वाचक स्त्रियांची पत्रे. परदा केवळ चेहऱ्याला नव्हता, नावालाही होता. अमक्याची मुलगी, तमक्याची बीवी अशा सह्यांनी पत्रे छापली जात. अलीगढकडच्या जाहिदा खातून शेरवानी (१८९४–१९२२) ‘जे खे शीन’ एवढ्या तीन अक्षरांनी कविता लिहीत. त्या नज्मा वाचणाऱ्या बायकांची आवडती कवयित्री ही तीन अक्षरेच होती. आवडत्या लेखिकेचे नाव माहीत नसताना तिच्यावर प्रेम करणे, ही गोष्ट आजच्या वाचकाला समजणे कठीण आहे.

या रिसाल्यांशी आपल्या कोकणाचा थेट धागा आहे. जंजिऱ्याच्या बेगम नाझली यांची धाकटी बहीण अतिया फैजी १९०६ साली शिक्षणासाठी लंडनला गेली. तिथली तिची रोजनिशी ‘तहजीब-ए-निस्वां’मध्ये क्रमशः छापली गेली आणि पुढे ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तकरूपात आली. मुंबई-जंजिऱ्याची मुलगी परदेशात एकटी राहते, संग्रहालये पाहते, स्वतःच्या नावाने लिहिते, हे लाहोर-दिल्लीच्या बायका आठवड्याला वाचत होत्या. उर्दू वाचकांची आवडती लेखिका असणारी ही बाई आपल्या मराठी प्रदेशातली होती, याची आठवण ना मराठी साहित्याच्या इतिहासाने ठेवली, ना आपण.

इथे कोणी म्हणेल की ही सारी उर्दूची कथा झाली. मराठीचे काय? मराठीत मुसलमान कवींची परंपरा जुनी आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद, त्यांचा ‘योगसंग्राम’, अठराव्या शतकातले शहामुनी आणि त्यांचा ‘सिद्धांतबोध’, पेशवाईच्या उत्तरार्धातला शिकलगार शाहीर सगनभाऊ, ही नावे आपण प्रत्येक भाषणात घेतो. घेतलीच पाहिजेत. पण वाचकाच्या बाजूने पाहिले तर चित्र थोडे अवघड दिसते. ‘सिद्धांतबोध’ पोथी म्हणून वाचला गेला तो मुख्यतः हिंदू घरांतून. शेख महंमदांना डोक्यावर घेतले ते वारकऱ्यांनी. रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांच्यापुढे एक जिवंत वाचकवर्ग होता, आणि त्यात मुसलमान थोडे होते. आपल्यातल्या बहुतेकांकडे शेख महंमद घरातल्या फडताळातून आले नाहीत, ते पाठ्यपुस्तकातून आणि व्यासपीठावरून आले. वारसा सांगणे वेगळे आणि आवडीने वाचणे वेगळे. हा फरक आपण टाळतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

कानाने वाचणाऱ्यांची गोष्ट मात्र निराळी. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल म्हणजे अमर शेख (१९१६–१९६९). गिरणगावात, मैदानात, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून त्यांचा आवाज ऐकलेल्या माणसाला ‘आवडता कवी कोण’ असे विचारले असते तर त्याने क्षणाचाही विचार केला नसता. त्यांच्या ‘कलश’, ‘धरतीमाता’ या संग्रहांच्या किती प्रती खपल्या यावरून त्यांच्या वाचकांची मोजदाद करणे हास्यास्पद आहे. अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख या तिघांच्या लाल बावटा कलापथकाचा श्रोता पुस्तक विकत घेणारा नव्हता, आणि ऐकताना त्याने शाहिराची जात-मजहब विचारली नाही.

आता ज्या लेखकाचे नाव घेताना आपले प्राध्यापक अजूनही जरा संकोचतात त्याच्याकडे येऊ. इब्ने सफी! मार्च १९५२ मध्ये अलाहाबादहून अब्बास हुसैनी यांनी ‘जासूसी दुनिया’ हे मासिक काढले. पहिली कादंबरी ‘दिलेर मुजरिम’. लेखक असरार अहमद हा नारा गावचा तरुण शायर. त्याच वर्षी तो पाकिस्तानात गेला, पण अलाहाबादचे प्रकाशन थांबले नाही. हस्तलिखिते सीमा ओलांडून येत राहिली. १९५५ पासून इम्रान मालिका सुरू झाली. दोन्ही मिळून सुमारे अडीचशे कादंबऱ्या या माणसाने १९८० साली, वयाच्या ५२ व्या वर्षी मरेपर्यंत लिहिल्या. मध्ये १९६० ते १९६३ अशी तीन वर्षे तो मानसिक आजाराने खचला होता. त्या काळात त्याच्या नावात एखाददुसरे अक्षर बदलून भामट्यांनी बाजार भरून काढला. खरा वाचक दोन पाने वाचून नकली माल ओळखत असे. समीक्षा म्हणजे तरी दुसरे काय असते?

मुंबईत, कोकणात, मराठवाड्यात उर्दू वाचू शकणाऱ्या घरात कर्नल फरीदी, कॅप्टन हमीद आणि इम्रान घरच्या माणसांसारखे वावरले. दर महिन्याचा अंक भाड्याच्या लायब्ररीत यायचा आणि तिथून काही पैशांत हातोहात फिरायचा. पाने गळालेली, मुखपृष्ठाला खाकी कागद. आमच्या नात्यातल्या एका खालाजान नमाज, स्वयंपाक आणि इब्ने सफी या तीनच गोष्टींसाठी चष्मा लावत, असे घरात गमतीने म्हटले जाई. हिंदीत हीच कादंबरी आली तेव्हा फरीदीचा विनोद झाला आणि इम्रानचा राजेश. नाव बदलले की नायक आपला वाटतो, असा प्रकाशकाचा हिशोब. उर्दू वाचकाला तसा हिशोब कधी करावा लागला नाही. त्याने हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशा सगळ्या नावांच्या नायकांवर सारखेच प्रेम केले, कारण त्याला दुसरा पर्यायच नव्हता.

मराठीत बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) होते. एक हजारांहून अधिक रहस्यकथा, झुंजार आणि काळा पहाड. ज्या मुसलमान मुलाला शाळेत मराठी मिळाली तो झुंजारकथेवर पोसला, ज्याला उर्दू शाळा मिळाली तो इम्रानवर. ज्याला दोन्ही लिप्या येत त्याची तर चैन होती. एकाच चाळीत, एकाच घरातल्या दोन भावांत हे घडे. या मुलांना मोठेपणी सभेत आवडता लेखक विचारला की एक म्हणे खांडेकर, दुसरा म्हणे इक्बाल. दोघेही खोटे बोलत नव्हते, पण दोघेही अर्धेच सांगत होते. ‘मराठी’ म्हणून सिद्ध व्हायचे असेल तेथे खांडेकर आणि साने गुरुजी, ‘मुसलमान’ म्हणून सिद्ध व्हायचे असेल तेथे इक्बाल आणि हाली. आवडीचा प्रश्न असा नकळत निष्ठेचा झाला. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आपल्या घरात रडत रडत वाचली गेली हे खरेच आहे. ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तकही त्यांनीच लिहिले. पण मुसलमान मुलाने श्यामसाठी रडावे ते केवळ रडू आले म्हणून, त्याचे प्रमाणपत्र कशाला?

इब्ने सफीची प्रतिष्ठा उशिरा आली. त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी, २०१० च्या सुमारास, इम्रान मालिकेतली पहिली कादंबरी इंग्रजीत आली. २०११ मध्ये ‘जासूसी दुनिया’तल्या चार कादंबऱ्या भाषांतरित झाल्या आणि भाषांतर कोणी केले होते? मीर तकी मीरवर चार खंडांचे भाष्य लिहिणारे, उर्दूतले सर्वांत दबदबा असलेले समीक्षक शमसुर्रहमान फारुकी यांनी. सामान्य वाचकांनी साठ वर्षांपूर्वी जो निकाल दिला होता तो अखेर उच्च न्यायालयात कायम झाला म्हणायचा!

हमीद दलवाईंच्या बाबतीत नेमके उलटे घडले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा लेखक. १९६१ मध्ये ‘लाट’ हा कथासंग्रह, १९६५ मध्ये ‘इंधन’ ही कादंबरी. कोकणातल्या मुसलमान गावाचे इतके आतून आलेले, इतके अंगाला झोंबणारे चित्रण मराठीत आधी नव्हते. परंतु १९६६ साली त्यांनी सात मुसलमान महिलांचा मोर्चा काढला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले आणि १९७७ मध्ये, पंचेचाळिशीही गाठण्याआधी, ते गेले. यानंतर ‘इंधन’ आवडली असे म्हणणे म्हणजे एका राजकीय भूमिकेवर सही करणे झाले आणि नाही आवडली म्हणणे म्हणजे दुसऱ्या. त्यांना शिव्या देणाऱ्यांनी त्यांच्या कथा वाचल्या नाहीत. त्यांचा जयजयकार करणाऱ्यांतल्याही पुष्कळांनी वाचल्या नाहीत, हे अधिक वाईट. त्यांच्या विचारांशी माझे मतभेद आहेत आणि ते राहतील. पण कथाकार दलवाईंना त्यांचा मुसलमान वाचक मिळू दिला गेला नाही, ही हानी दोघांचीही आहे, लेखकाची आणि आपली. मेहरुन्निसा दलवाईंचे ‘मी भरून पावले आहे’ आपल्या बायकांनी मात्र एकमेकींना देऊन वाचले. घराची, संसाराची, आजारपणाची गोष्ट वाचायला भूमिका घ्यावी लागत नाही.

१९९० साल महत्त्वाचे. त्या वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण यांच्याकडे आले. फक्रुद्दीन बेन्नूर, फ. म. शहाजिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभे केलेल्या चळवळीने लिहिणाऱ्याला बळ दिले, यात शंका नाही. तालुक्याच्या गावातला शिक्षक, एस.टी.तला कारकून, बचत गटातली बाई लिहू लागली. तरीही एक प्रश्न राहतो. आपल्या परिषदांत कवी शंभर असतात आणि श्रोतेही तेच शंभर असतात. कवी आपली पाळी झाली की चहाला बाहेर पडतो. एकमेकांचे संग्रह आपण भेट म्हणून घेतो, पण मागून घेतो का? ज्याची कविता दुसऱ्याला पाठ आहे असे नाव विचारले तर मला चटकन इलाही जमादार आठवतात. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या गझलांचे शेर लोकांनी पुस्तक न उघडता एकमेकांना ऐकवले. हा वाचकाचा निकाल आहे, कोणत्याही परिषदेचा नव्हे.

आणि आजची मुले? गेल्या काही वर्षांत जिथे जिथे कॉलेजात व्याख्यानाला गेलो तिथे मी हा एकच प्रश्न विचारत आलो. मंटो सर्वांना माहीत आहे, बहुधा देवनागरीतला किंवा मराठी भाषांतरातला. मुली उमेरा अहमदचे ‘पीर-ए-कामिल’ मोबाइलवर वाचतात, ज्यांना उर्दू येत नाही त्या इंग्रजीत. तुर्की लेखिका एलिफ शफकच्या रूमीवरच्या कादंबरीचे नाव हमखास येते. मराठीत राजन खान एखाददुसरा सांगतो. शेख महंमद कोणी सांगत नाही, आणि सांगितलाच तर आधी प्राध्यापकाकडे पाहतो! मला यात काळजीचे काही दिसत नाही. लाहोरचा रिसाला जंजिऱ्यात येत होता, आता इस्तंबूलची कादंबरी परभणीत येते. यादी बदलली, तिचे दोन-तीन लिप्यांत विखुरलेले असणे बदलले नाही.

या विखुरलेपणातून मार्ग काढणारी काही माणसे आपल्यात होती. प्रा. यूनुस अगासकर यांनी मराठी साहित्याचा परिचय करून देणारा ग्रंथ उर्दूत लिहिला. कोकणातले बदीउज्जमा खावर उर्दूचे शायर, त्यांनी मराठी कविता उर्दूत नेली आणि स्वतः मराठी गझला लिहिल्या. श्रीपाद जोशी आणि प्रा. गोरेकर यांनी १९६८ मध्ये उर्दू–मराठी शब्दकोश सिद्ध केला, तो आजही माझ्या टेबलावर आहे. आणि सलाम बिन रज्जाक. १९४१ साली पनवेलला जन्मलेले, मुंबईत शिक्षकी केलेले, ‘शिकस्ता बुतों के दरमियां’साठी २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले उर्दू कथाकार. मराठीत जी. ए. कुलकर्णी वाचून ते थांबले नाहीत, त्यांच्या कथा त्यांनी उर्दूत नेल्या. २०२४ च्या मे महिन्यात ते गेले. आपल्या मराठी नियतकालिकांनी त्यांच्यावर चार ओळी छापल्या, उर्दू पत्रांनी पाने छापली. जीएंचे उर्दू वाचक मात्र त्यांच्यामुळेच आहेत.